मॉलमधला काळोख आणि चार आसनांची गाडी

दिवाळीच्या सुट्टीत ताई आणि माझी तेरा वर्षांची भाची नाशिकहून पुण्याला आल्या होत्या. शनिवारवाडा, केळकर संग्रहालय आणि सिंहगडावरचे पिठले-भाकरी हे सगळे पहिल्या दोन दिवसांत आटोपले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी भाचीने आपल्याला अंधारातल्या रोलर कोस्टरमध्ये बसायचे असल्याचे जाहीर केले. शहरातल्या एका मॉलच्या सर्वांत वरच्या मजल्यावर, खेळांच्या यंत्रांच्या गजबजाटामागे असा एक कोस्टर आहे, हे तिला नाशिकमध्ये राहून ठाऊक होते आणि मला पुण्यात राहून ठाऊक नव्हते. त्या दुपारी आम्ही दोघांनी तीन फेऱ्या मारल्या. ताई बाहेरच्या बाकावर आमचे मोबाइल, भाचीचा चष्मा आणि माझ्या किल्ल्या सांभाळत बसली. भोसरीच्या एमआयडीसीत पंचवीस वर्षे यंत्रांच्या देखभालीचे काम केल्यामुळे कोणतेही फिरते यंत्र दिसले की त्याची मजा घेण्याआधी त्याचा आवाज ऐकण्याची मला खोड आहे, आणि हे परीक्षण त्या खोडीसकटच लिहिले आहे. मॉलचे आणि चालकांचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही उणिवा सांगायच्या आहेत आणि एका दुपारच्या अनुभवावरून त्या कोणाच्या नावावर मांडणे मला बरे वाटत नाही.

बाहेरच्या फलकावर वेग, थरार आणि अंतराळ यांविषयी बरेच काही लिहिले आहे, पण वेगाची अपेक्षा ठेवून जाणाऱ्याची निराशा होईल. सभागृहाची उंची पाहता रुळाच्या सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या टोकांत फार तर आठ मीटरांचा फरक असावा. तेवढ्या उंचीवरून गाडी कोठेही न अडता खाली आली आणि घर्षण मुळीच नाही असे धरले, तरी तिचा वेग ताशी ४५ किलोमीटरपर्यंतच जाईल. प्रत्यक्षात उतार तुकड्यातुकड्यांनी येतो, मध्ये ब्रेक लागतात, म्हणून माझ्या अंदाजाने तो ताशी ३० किलोमीटरच्या पुढे क्वचितच जात असेल. रात्री अकरानंतर सिंहगड रस्ता मोकळा झाला की दुचाकीवर आपण सारेच याहून जोरात जातो. तरीही पहिल्या फेरीनंतर फलाटावर पाय ठेवताना मला कठडा धरावा लागला. हे सारे श्रेय अंधाराचे आहे, आणि म्हणून असा कोस्टर चांगला की वाईट हे ठरवताना त्याची उंची किंवा वेग न पाहता तेथे अंधार किती नीट सांभाळला आहे हे पाहावे, असे माझे मत झाले आहे.

यात नवीन काही नाही. लामार्कस थॉम्पसन यांनी १८८४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर रुळावरून घसरत जाणारी गाडी सुरू केली, तेव्हा तिचा वेग ताशी १० किलोमीटरच्या घरात होता. आपल्या पेशवे पार्कातल्या फुलराणी या मुलांच्या छोट्या आगगाडीशी तिची स्पर्धा लावता आली असती. पुढे १८८७ मध्ये त्यांनी अटलांटिक सिटीत जी गाडी उभारली, तिच्या वाटेवर मात्र अंधारे बोगदे होते आणि त्या बोगद्यांत रंगवलेली दृश्ये एकाएकी उजळत असत. या जातीतला सर्वांत नावाजलेला कोस्टर म्हणजे फ्लोरिडातील डिस्नेच्या उद्यानात जानेवारी १९७५ मध्ये सुरू झालेला 'स्पेस माउंटन'. त्याचाही सर्वाधिक वेग ताशी ४५ किलोमीटरच्या आसपासच आहे, आणि दिवसाउजेडी उघड्यावर त्याच रुळावरून नेले असते तर लोकांनी त्याला लहान मुलांची गाडी म्हटले असते. ओहायोतील सीडर पॉइंट या उद्यानात तर १९८५ मध्ये उघड्यावर सुरू केलेल्या एका कोस्टरवर १९९० मध्ये इमारत बांधून तो बंदिस्त करण्यात आला आणि नव्या नावाने २०१२ पर्यंत चालवण्यात आला. आपल्याकडे खोपोलीजवळच्या, २०१३ मध्ये सुरू झालेल्या इमॅजिकात 'डीप स्पेस' नावाचा अंधारातला कोस्टर आहे. ज्यांनी तो अनुभवला आहे त्यांनी मॉलमधल्या या कोस्टरकडे त्याच तोलाची अपेक्षा घेऊन जाऊ नये. येथे लांबलचक गाडी नाही, सुटताना पाठीत बसणारा धक्का नाही आणि सभागृहही बेताचे आहे.

येथील गाडी चार आसनांची आहे, पुढे दोन आणि मागे दोन. रुळाची वळणे एकदम काटकोनात वळणारी आणि जवळजवळ सपाट आहेत. म्हणजे वळणावर रूळ आतल्या बाजूला कलवलेला नाही. या प्रकाराला 'वाइल्ड माउस' म्हणतात. जत्रेत किंवा बागेत उघड्यावर असलेल्या अशा गाडीची सारी करामत डोळ्यांसाठी असते. गाडी रुळापेक्षा रुंद असते आणि चाकांच्या मानाने बसणारे पुढे असतात, त्यामुळे वळण येते तेव्हा रूळ पायांखालून नाहीसा होऊन आपण कडेवरून सरळ हवेत निघालो असे दिसते, आणि अगदी शेवटच्या क्षणी गाडी हिसका देऊन वळते. हे दिसले तरच भीती वाटणार. ज्याने कोणी ही गाडी काळोख्या सभागृहात बसवायचे ठरवले, त्याने तिची मूळ करामतच काढून टाकली आहे, आणि तिच्या जागी उरले आहे ते निराळेच काहीतरी: सूचना न देता एकदा उजव्या आणि एकदा डाव्या बरगडीवर येणारा दाब. प्रथम मला हे यंत्राची निवड चुकल्याचे लक्षण वाटले. तिसऱ्या फेरीनंतर ते मत थोडे बदलले, पण त्याविषयी पुढे.

आत जाण्याआधीची रांग हा या अनुभवाचाच भाग आहे, आणि तो येथे फुकट घालवला आहे. उजेडातून अंधारात गेल्यावर आपल्या डोळ्यांना पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात. याचे दोन उपयोग करता येतात. प्रवाशाला लख्ख उजेडातून थेट काळोखात ढकलले, तर त्याला खरोखरच काही दिसत नाही आणि अंधार दुप्पट गडद वाटतो. उलट रांग मंद निळ्या दिव्यांखालून हळूहळू नेली, तर वातावरण तयार होते, पण डोळे सरावतात आणि मग आतले लोखंडी खांबही दिसू लागतात. येथे यांपैकी काहीच धड केलेले नाही. रांगेचा पहिला भाग झगमगाटात आहे, दुसरा भाग अर्ध्या अंधारात आहे, आणि त्या अर्ध्या अंधारात एका मोठ्या पडद्यावर त्याच केंद्रातल्या वाढदिवसाच्या पार्ट्यांची जाहिरात अखंड चालू असते. दहा मिनिटांत ती जाहिरात आम्हाला पाठ झाली. ज्यांना काळोख अधिक गडद हवा असेल त्यांनी गाडीत बसेपर्यंत तो पडदा पाहत राहावे. ज्यांना थोडा धीर हवा असेल त्यांनी रांगेत एक डोळा मिटून ठेवावा, म्हणजे निदान तो डोळा तरी सरावलेला राहतो. भाचीने दुसऱ्या फेरीला हा प्रयोग केला आणि मागच्या रांगेतल्या काकूंनी तिच्या डोळ्यात काही गेले आहे का, अशी चौकशी केली.

गाडीत बसल्यावर मांडीवर लोखंडी दांडा येतो. तो प्रत्येक आसनाला स्वतंत्र आहे, ही चांगली गोष्ट आहे; दोघांना मिळून एकच दांडा असला की शेजारी थोराड माणूस बसल्यावर मुलाच्या मांडीशी चार बोटांची फट राहते. चालक मुलाने प्रत्येक दांडा हाताने खाली दाबून आणि मग वर ओढून पाहिला. तीनही फेऱ्यांत त्याने हे केले, गर्दी असूनही केले, आणि याबद्दल त्याला पूर्ण गुण द्यायला हवेत. गाडी रुळावरून निसटेल का, असे ताईने मला आधीच विचारले होते, म्हणून फलाटावर वाकून चाके पाहून घेतली होती. रुळाच्या वरून धावणारी, बाजूने टेकणारी आणि खालून पकडणारी अशी तीन प्रकारची चाके प्रत्येक कोपऱ्यात असतात. खालची चाके वापरण्याची पद्धत अमेरिकेतल्या जॉन मिलर यांनी शंभरहून अधिक वर्षांपूर्वी रूढ केली, आणि तेव्हापासून गाडीने रूळ सोडून वर उचलले जाण्याचा प्रश्न मिटला. चाकांवरचे आवरण झिजलेले नव्हते, बेअरिंगचा कुरकुरणारा आवाज येत नव्हता. एवढे पाहून मी निर्धास्त बसलो, आणि तो निर्धास्तपणा पुढे कोठेही उपयोगी पडला नाही.

गाडी सुटते, डावीकडे वळते, एक काळा पडदा तोंडावर घासून जातो आणि चढ सुरू होतो. चढाला साखळी आहे. साखळीवरून वर जाताना येणारा खटखट आवाज बहुतेकांना साखळीचाच वाटतो, पण तो गाडी मागे घसरू नये म्हणून दातांवर पडत जाणाऱ्या खिटीचा आवाज असतो. उजेडात त्याच्याकडे कोणी लक्ष देत नाही. काळोखात ऐकण्यासारखे दुसरे काही नसते, आणि चढ किती उरला आहे हे दिसत नसल्यामुळे आपण नकळत खटके मोजू लागतो. मी एकोणतीसपर्यंत मोजले. मग खटके थांबले, क्षणभर अगदी शांत वाटले, आणि आता उतार येणार म्हणून मी पाय घट्ट रोवले. उतार आलाच नाही. गाडी सपाटीवरून हळू चालली आणि मग एकाएकी माझा उजवा खांदा भाचीच्या डोक्याजवळ जाऊन पोहोचला.

येथून पुढे सहा-सात हिसके एकामागून एक येतात. त्यांचे वर्णन करण्याऐवजी शरीरात काय होते ते सांगतो, कारण अंधारातल्या कोस्टरमध्ये नेमके काय अपेक्षित आहे, याचे उत्तर तेच आहे. उजेडात वळण दिसले की मान आणि पोटाचे स्नायू आपोआप आधीच ताठ होतात. आपण वळणाच्या आत झुकतो आणि धक्का वाटून घेतला जातो. अंधारात ही पूर्वतयारी होत नाही. धक्का मोजून पाहिला तर लहानच असतो, पण तो सैल शरीराला बसतो. पाठ आसनाला आणि डोके मागच्या उशीला टेकवून बसणे हा त्यावरचा एकमेव उपाय आहे. मी पहिल्या फेरीत कुतूहलाने पुढे वाकून बसलो होतो, त्याची आठवण मानेने दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ठेवली.

दुसरी गोष्ट कानाची. आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांतला द्रव हलला की डोके वळत असल्याचे मेंदूला कळते. सरळ रेषेतला वेगबदल आणि गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखण्याचे काम मात्र बारीक स्फटिकांनी लादलेल्या दुसऱ्या भागाकडे असते, आणि या भागाची एक अडचण अशी, की शरीर पुढे कलले आहे की गाडीचा वेग कमी होतो आहे, यांतला फरक त्याला एकट्याने करता येत नाही. एरवी डोळे तो वाद मिटवतात. काळोखात वाद मिटवणारे कोणी नसते. त्यामुळे चौथ्या वळणानंतर गाडीला ब्रेक लागला तेव्हा गाडीचे नाक खाली झुकले आणि आपण खोल उतारावर आहोत, असे मी शपथेवर सांगितले असते. त्या ठिकाणी रूळ पूर्ण सपाट आहे. हे मला पुढच्या फेरीत स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला मिळाले, आणि माझा विश्वास बसायला वेळ लागला.

तिसरा भाग दिव्यांचा. छतावर आणि भिंतींवर हिरव्या-निळ्या ठिपक्यांचे तारे सोडलेले आहेत, आणि मध्यावर एका ठिकाणी ते ठिपके उलट्या दिशेने वेगात फिरतात. पुणे स्टेशनवर आपण थांबलेल्या गाडीत बसलेले असतो, शेजारची गाडी सुटते आणि क्षणभर आपलीच गाडी निघाली असे वाटते. तोच हा खेळ आहे. कल्पना उत्तम आहे आणि या कोस्टरमधले हे सर्वांत चांगले आठ-दहा सेकंद आहेत. ज्यांना घाटात बसमध्ये मळमळते त्यांना मात्र नेमके हेच सेकंद जड जातील. त्यांनी तेवढ्यापुरते डोळे मिटावेत. सगळा वेळ डोळे मिटून बसण्याचा सल्ला काही लोक देतात, पण मग तिकीट कशाला काढायचे?

आता मुख्य तक्रार. सातव्या वळणाच्या सुमारास उजव्या हाताला, खालच्या बाजूने, पांढऱ्या ट्यूबलाइटचा एक उभा पट्टा आत येतो. तो हातभरही रुंद नसेल, पण तेवढ्या उजेडात लोखंडी खांब, रुळाचे पिवळे पाइप, भिंतीला टेकवून ठेवलेली शिडी आणि कोणाची तरी पाण्याची बाटली हे सगळे स्वच्छ दिसते. अंतराळातून थेट गोदामात आल्यासारखे होते. बाहेर जाण्याच्या मार्गावरचा हिरवा दिवा मला खटकला नाही. तो असायलाच हवा. हा पट्टा मात्र निव्वळ दुर्लक्ष आहे. कर्जतहून खंडाळ्याकडे चढताना रेल्वेच्या बोगद्यात डब्यातले दिवे लागलेले नसले की पोरे आरडाओरडा करतात, आणि बोगद्याच्या तोंडाचा उजेड दिसू लागला की ओरडणे आपोआप थांबते. येथेही तेच झाले. त्या वळणापर्यंत आमच्या मागे बसलेले दोन तरुण जिवाच्या आकांताने किंचाळत होते. पट्टा दिसला आणि त्यांतला एक जण शांतपणे म्हणाला, "अरे, शिडी आहे बघ."

दुसऱ्या फेरीत आम्ही अडकलो. मधल्या ब्रेकवर फुस्स असा हवेचा आवाज आला, गाडी थांबली आणि सुटलीच नाही. काळोखात थांबलेल्या गाडीतला एक मिनिट फार लांब असतो, म्हणून हे आधी माहीत असलेले बरे: रेल्वेप्रमाणेच येथेही रुळाचे भाग पाडलेले असतात आणि एका भागात एका वेळी एकच गाडी असते. पुढची गाडी पुढच्या भागातून बाहेर पडल्याशिवाय मागचीला वाट मिळत नाही. खाली फलाटावर एखाद्या मुलाला दांडा नीट बसत नसेल किंवा कोणी उतरायला वेळ लावत असेल, तर मागच्या सर्व गाड्या आपापल्या ब्रेकवर थांबतात. थांबणे हा बिघाड नव्हे. गाड्या एकमेकींवर आदळू नयेत म्हणूनच ती व्यवस्था केलेली असते. थांबल्यावर दांड्याखालून पाय सोडवण्याचा प्रयत्न करू नये, मोबाइलचा दिवा लावून खाली वाकू नये आणि हात बाहेर काढू नयेत.

साधारण तीन मिनिटांनी सभागृहातले सगळे दिवे लागले, आणि अंतराळाचे रूपांतर एका नीटनेटक्या वर्कशॉपमध्ये झाले. भाचीचा चेहरा पडला. मला मात्र हा अनपेक्षित लाभ वाटला. रूळ किती लहान जागेत गुंडाळून बसवला आहे, कोठे वरचा रूळ खालच्या गाडीच्या माथ्यावरून जातो, कोठे रुळालगत चालण्यासाठी जाळीची अरुंद वाट ठेवली आहे, हे सर्व निवांत पाहता आले. आपण ज्याला खोल दरी समजलो तो उतार जेमतेम माणसाच्या उंचीचा होता. जाळीच्या वाटेवरून एक चालक मुलगा आमच्यापर्यंत आला आणि म्हणाला, "काका, काही झालेलं नाही, समोरच्या गाडीतल्या एका मुलाला उलटी झाली आहे, साफ करतोय. हात आत ठेवा, दोन मिनिटांत सुटतोय." त्याने कारण खरे सांगितले, न चिडता सांगितले, आणि प्रत्येक गाडीपाशी जाऊन सांगितले. आपल्याकडे अशा वेळी बहुतेक ठिकाणी ध्वनिक्षेपकावरून काहीतरी अगम्य घरघर ऐकू येते. उरलेली फेरी दिवे चालू ठेवूनच पूर्ण केली गेली, आणि उतरल्यावर न विचारता आम्हाला आणखी एका फेरीची चिठ्ठी मिळाली. या वागणुकीसाठी मी या केंद्राची शिफारस करीन.

त्या चिठ्ठीवर तिसरी फेरी झाली. आता रूळ पाहिलेला होता, वळणे मोजलेली होती आणि कोठे सपाटी, कोठे उतार हे मी भाचीला समजावूनही सांगितले होते. अंधारात साखळीचा खटखटाट थांबला तोपर्यंत नकाशा डोक्यात शाबूत होता. दुसऱ्या वळणावर तो एका वळणाने मागे पडला आणि चौथ्या वळणानंतर मला उजवे-डावेही सांगता येईना. दिसत नसले की पाहिलेली गोष्ट टांगून ठेवायला खुंटीच उरत नाही. ब्रेकवर गाडीचे नाक पुन्हा खाली झुकले. तेथे सपाटी आहे हे मला ठाऊक होते, स्वतः पाहिले होते, तरी झुकलेच. कडेवरून निघून जाण्याचे दृश्य गेले, पण आपले ज्ञान आपल्याच उपयोगी पडत नाही, हा जो अनुभव मिळाला तो उघड्यावरच्या गाडीत मिळणे शक्य नाही. म्हणून यंत्राची निवड चुकली आहे, हे माझे पहिले मत मी मागे घेतो. सातव्या वळणापुरते मात्र ते कायम आहे.

जाणाऱ्यांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. उंचीची अट १२० सेंटीमीटरची आहे आणि ती खरोखर मोजून पाळली जाते. रडणाऱ्या मुलाच्या आईचा आवाज चढला तरी पाळली गेली. पाठीचे किंवा मानेचे दुखणे, हृदयविकार, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा गर्भारपण असल्यास बसू नये. लुकलुकत्या दिव्यांनी ज्यांना फिट येण्याचा धोका आहे त्यांनीही बसू नये; ही सूचना फलकावर सर्वांत खाली, बारीक अक्षरांत आहे, ती वर आणि ठळक हवी. चष्मा, टोपी, खिशातली नाणी आणि सैल चपला बाहेर ठेवाव्यात, कारण अंधारात पडलेली वस्तू केंद्र बंद झाल्यानंतरच मिळते. लॉकरचे पन्नास रुपये वेगळे घेतात, हे मला पटले नाही. वस्तू बाहेर ठेवायला तुम्हीच सांगता आणि ठेवायचे पैसेही तुम्हीच घेता. सोबत ताई असेल तर हा खर्च वाचतो. मिसळ, पावभाजी वगैरे जे काही खायचे असेल ते नंतर खावे. आमच्या पुढच्या गाडीतल्या मुलाने ते आधी खाल्ले होते.

मुलांना आत काय होणार आहे, हे आधी सांगावे की नाही, यावर ताईचा आणि माझा मतभेद आहे. माझे मत असे, की दहा-बारा वर्षांखालच्या मुलाला तीन गोष्टी सांगाव्यात: पूर्ण अंधार असेल, गाडी मध्येच थांबू शकते, आणि सगळे मिळून दीड मिनिटाच्या आसपास चालते. वळणे कोठे आहेत हे सांगण्याचा उपयोग नाही, हे तर सिद्धच झाले. ताईच्या मते काहीही सांगू नये, कारण सांगितले की मूल आत जाण्याआधीच घाबरते. तिचे म्हणणे भाचीने ऐकून घेतले आणि मग विचारले की बाहेरच्या बाकावर बसून तिला आतले काय काय ऐकू आले. ताईने सांगितले की तीनही फेऱ्यांत सर्वांत मोठ्याने ओरडणारा आवाज तिच्या ओळखीचा होता आणि तो लहान मुलाचा नव्हता.

एका फेरीचे ३०० रुपये घेतात. दोन फेऱ्या एकदम घेतल्यास थोडी सूट मिळते. पहिल्या फेरीला ते पैसे वसूल झाले असे मी म्हणेन. पैसे देऊन दुसरी फेरी घ्यायची असेल तर ती त्याच दिवशी न घेता महिन्याभराने घ्यावी. शनिवार-रविवार टाळावा, आम्ही मंगळवारी दुपारी तीनला गेलो तरी सुट्टीमुळे पाऊण तास रांग होती. गाडीत डावीकडचे आसन मिळाले तर घ्यावे, तेथून उजेडाचा तो पट्टा शेजाऱ्याच्या डोक्याआड बराचसा झाकला जातो. आणि चौघे मोठे मिळून बसावे. भरलेली गाडी रिकाम्या गाडीपेक्षा वेग अधिक टिकवून धरते. आमच्या मागे दोन तरुण होते त्या पहिल्या फेरीत आणि मागची आसने रिकामी होती त्या तिसऱ्या फेरीत हा फरक स्पष्ट जाणवला.

निघताना अभिप्रायाचा कागद मागून घेतला आणि त्या पांढऱ्या पट्ट्याविषयी सविस्तर लिहिले: कोणते वळण, कोणती बाजू, उजेड कोठून येतो आणि तेथे साधा जाड काळा पडदा लावला तरी काम भागेल. खिडकीतल्या मुलाने तो कागद माझ्यासमोरच वाचला.

"काका, पडदा आहे तिथे. धुवायला गेलाय."

"परत कधी येणार?"

"गुरुवारी."

तेव्हा जायचे असल्यास गुरुवारनंतर जावे.